लाभ, दोन, तीन

महालिंगप्पा शेटच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी शांतलिंग मापाड्याचं माप चुकलं. कोठीघरात हुग्गीचे, म्हणजे गव्हाच्या खिरीचे, कांडलेले गहू मोजायचे होते. शेटच्या धान्याच्या पेढीवर आता किलोचा काटा आला होता. पोती त्याच्यावर चढत, उतरत, आणि मापाड्याला बाजूला उभं राहून काट्याकडं बघण्यापलीकडं फारसं काम उरलं नव्हतं. पण लग्नघरातलं धान्य पायलीनंच मोजायचं आणि शांतलिंगनंच मोजायचं, असा शेटच्या आईचा हट्ट होता. तो मांडी घालून बसला, पायली पुढ्यात ओढली, डोळे मिटले आणि सुरू झाला. लाभ हे लाभ, लाभ हे लाभ. मापाडी कधी एक म्हणत नाही. पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. जो आकडा चालू असेल तो पुढची पायली भरेपर्यंत तोंडात घोळवत राहायचा, म्हणजे निसटत नाही. डोळे मिटायची सवय त्याला भुशामुळं लागली होती, आणि पुढं भुसा नसला तरी ती राहिली. मोजायला हात आणि तोंड पुरतं, डोळ्यांचं तिथं काही काम नसतं, असं त्याचं मत होतं. गव्हाचा गार, कोरडा स्पर्श मनगटापर्यंत येत होता. बाहेर बायकांची गडबड चालली होती. आणि तेवढ्यात मांडवाकडून तारेचा आवाज आला. एकच सूर, पण तो सरळ आला नाही. खालून वर ओढत आला, दमलेल्या बाईनं भरलेली घागर डोक्यावर घ्यावी तसा, आणि वर पोचल्यावर जरासा थरथरला. शांतलिंगचं तोंड थांबलं. हात चालूच होते. एक पायली तशीच गेली की दोन, त्याला समजलं नाही.

"मापाडी, किती झाले?" आचाऱ्यानं विचारलं.

शांतलिंगनं डोळे उघडले. समोर गव्हाची रास होती आणि त्याला तिचा आकडा माहीत नव्हता. पोरवयापासून तो हे काम करत आला होता. बाजारात भांडणं होत, बैल उधळत, एकदा तर शेजारच्या पेढीला आग लागली होती, तेव्हासुद्धा त्यानं हातातली रास आकड्यासकट संपवली होती. आणि आज एका तारेपायी हे झालं. "पुन्हा मोजतो," तो म्हणाला. आचारी हसला. "मापाड्याचं ध्यान जेवणात हाय," तो म्हणाला. दारात उभे असलेले महालिंगप्पा शेट आत आले, तेव्हा शांतलिंगला वाटलं, आता हे बोलणार. पण शेट म्हणाले, "मोजा, मोजा. दोनदा लाभ झाला म्हणायचं. लग्नघर हाय, होऊ द्या." मग त्यानं सगळे गहू परत ओतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी त्यानं डोळे उघडे ठेवले. उघड्या डोळ्यांनी मोजणं अवघड गेलं. नजर इकडंतिकडं जात होती. माप बरोबर आलं, पण मांडवातला तो सूर कानातून गेला नाही.

तो सूर त्याला ओळखीचा होता. वर्ष होऊन गेलं होतं त्याला तो ऐकून. घरी कोनाड्यात रेडिओ होता. पेढीवर लाईट आली आणि नवा रेडिओ आला तेव्हा शेटनी जुना, बॅटरीवरचा, शांतलिंगला दिला होता. त्यानं तो पोत्यात गुंडाळून, डोक्यावर घेऊन घरी आणला होता, आणि त्याची बायको द्वारका दारातच म्हणाली होती, "ह्यो बोलला न्हाय तर त्यात म्या हरभरे भरून ठेवीन." तो बोलला. छपरावर बांबू उभा करून तांब्याची तार बांधली तेव्हा सोलापूर, पुणे, हैदराबाद, सगळीकडचं ऐकू येऊ लागलं. द्वारकेला भजनं आवडायची, बाजारभाव आवडायचे, बातम्या आवडायच्या नाहीत. आणि एका बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला, काटा फिरवता फिरवता ती तार लागली. कुठलं तरी परदेशातलं ठाणं. मध्येच खरखर, मध्येच लाटांसारखा आवाज मोठा होई आणि बारीक होई. बोलणारा इंग्रजीत बोलत होता, गरम भाताचा घास तोंडात धरून बोलावं तसा. त्यातलं शांतलिंगला एक अक्षर कळलं नाही. पण तो बोलायचा थांबला आणि तार सुरू झाली, तेव्हा द्वारका हातातली वात तशीच धरून बसली. ती रोज संध्याकाळी कापसाच्या वाती वळायची. मांडीवर वात ठेवून ती म्हणाली, "अवो, हे आपलंच हाय की."

हे काय वाद्य, ते दोघांनाही तेव्हा माहीत नव्हतं. गिटार हे नाव पुढं शेटच्या मुलानं सांगितलं. नाव कळल्यावरही द्वारका त्याला तारच म्हणत राहिली. बाजाराच्या दिवशी तेवढ्या वेळेला तार लागते, हे दोघांनी हेरून ठेवलं. बॅटरी जपायची म्हणून आठवडाभर रेडिओ कमी लावायचा, पण त्या संध्याकाळी लावायचाच. शांतलिंग बाजारातून यायचा, हातपाय धुवायचा, कपाळाला विभूती लावायचा, भिंतीला टेकून बसायचा आणि डोळे मिटायचा. दिवसभर ओरडून मोजलेलं असायचं. डोळे मिटले की आधी मोजलेले आकडे कानात फिरत राहायचे, मग तार त्यांना हळूहळू बाजूला सारायची. त्याला तारेच्या तीन तऱ्हा ऐकू यायच्या. एक जात्यावरची. बाई पहाटे एकटीच दळायला बसली की तिचा आवाज जात्याबरोबर ओढला जातो, ओळ संपायच्या आधी थोडा मोडतो, तशी ती तार होती. तिच्यात दुःख होतं, पण कुणापाशी गाऱ्हाणं नव्हतं. दुसरी गाडीवाटंची. येरमाळ्याच्या वाटेनं गाडी रिकामी परत येते, बैलांना घर कळलेलं असतं, घुंगरं एका चालीत वाजतात आणि गाडीवान उगीच काहीतरी गुणगुणतो, तशी ती होती. आणि तिसरी वरातीतली. तिच्यात सूर इतके भराभर आणि हसत यायचे की मांडी घालून बसलेल्या माणसाचाही पाय हलायचा. शांतलिंगला डोळे मिटल्यावर तिघंजण स्पष्ट दिसायचे. जात्यावरचं वाजवणारा म्हातारा होता, ओसरीवर बसलेला, त्याचं कोणीतरी गेलेलं होतं. गाडीवाटंचा मध्यम वयाचा, उन्हानं रापलेला, थोडक्यात बोलणारा. वरातीतला तरुण, तेल लावून भांग पाडलेला, बायकांकडं बघून वाजवणारा.

"तिघंबी झकास वाजवतात," तो एकदा म्हणाला.

"तिघं कोण?" द्वारकेनं विचारलं.

"तिघं. आत्ता वाजवलं ती. आधी म्हातारा, मग गाडीवाला, मग त्यो पोरगा."

द्वारका हसायला लागली. ती हसली की वाती विस्कटायच्या. "अवो, एकच हायत ते. एकाच माणसाचा हात हाय."

"एक माणूस असलं तिन्ही कसं वाजवंल? भजन करणारा भजन करतो, हलगीवाला हलगी वाजवतो."

"सैपाक करणारी भाकरी बी करती अन् पुरणपोळी बी करती," द्वारका म्हणाली. "तवा तीन बाया येतात का तुमच्या घरात?"

तेव्हापासून हा वाद घरात राहायला आला. द्वारका नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, कोणतीच बाई घ्यायची नाही. बाजारातलं कोणी विचारायला आलं तर ती म्हणायची, ते पेढीवर गेलेत. आणि रेडिओतल्या माणसाचंही नाव कळत नव्हतं, कारण तो गरम भाताचा घासवाला नाव सांगायचा ते कुणाच्या हाती लागण्यासारखं नव्हतं. म्हणून तोही तिच्या तोंडी 'ते' झाला. एकाच घरात दोन 'ते' झाले. एकदा शांतलिंग मागच्या दारी पाय धूत होता आणि रेडिओवर तार सुरू झाली तेव्हा ती मोठ्यानं ओरडली, "ते आले!" भिंतीपलीकडून सारजाबाईनं ऐकलं. सारजाबाई शेजारीण. दोन्ही घरांच्या मधली भिंत मातीची, वर पत्र्याला टेकत नव्हती, त्यामुळं इकडची फोडणी तिकडं शिंकायला लावायची. सारजाबाईला वाटलं, जळकोटचे व्याही आले असणार. द्वारकेची लेक लीला तिथंच दिलेली. "किती जण हायत गं?" तिनं भिंतीवरून विचारलं.

"एकच!" द्वारका म्हणाली.

"तीन!" शांतलिंग मागच्या दारातून म्हणाला.

थोड्या वेळानं सारजाबाई चहा घेऊन आली. घरात पाहुणा नव्हता, चप्पल नव्हती, नवराबायको कोनाड्यासमोर बसली होती. "पावणे कुठं हायत?" तिनं विचारलं. द्वारकेनं रेडिओकडं बोट दाखवलं. सारजाबाई उभीच राहिली. "आता ह्याला चहा पाजा," ती म्हणाली, आणि मग तिघांनी तो चहा प्यायला. त्यानंतर बाजाराच्या संध्याकाळी तार लागली की भिंतीपलीकडून आवाज यायचाच. "आज किती आले?" इकडून दोन उत्तरं जायची. सारजाबाई म्हणायची, "आधी घरात ठरवा, मग सांगा. मी आधण कितीचं ठेवू?" कधी ती द्वारकेच्या बाजूनं बोलायची, कधी शांतलिंगच्या, चहापत्ती कुणाच्या घरची आहे त्यावर. आणि द्वारकेनं तेव्हाच ते एक बोलणं शोधून काढलं, जे ती पुढं सारखं वापरायची. "मापाड्याला एक म्हणताच येत न्हाय," ती म्हणायची. "लाभ म्हणायचं अन् सुटायचं. दोन अन् तीनच येतात त्यांना." शांतलिंग मान हलवायचा. तो डोळे मिटून बसायचा. पण तिचं बोलणं त्याला आवडायचं. पेढीवर काम करताना, लाभ म्हणताना, त्याला कधी कधी एकदम हसू यायचं आणि समोरचा शेतकरी घाबरायचा, की माझ्या धान्यात काही निघालं की काय.

पंगतीच्या आधी कोठीघराचं काम संपलं. शांतलिंगनं हात झटकले, टोपी काढून भुसा झाडला आणि परत घातली. तो मांडवाकडं गेला. जायचं नव्हतं खरं म्हणजे. मनात असं होतं की घरी जावं. उद्या जावई जळकोटहून रेडिओ न्यायला येणार होता. लीला म्हणाली होती, "आप्पा, तुमी तर हात बी लावीत न्हाय त्याला. आमच्याकडं वाजल तरी." आणि तो म्हणाला होता, "न्या." द्वारकेला माती दिल्यापासून त्यानं रेडिओवरचा कपडा उचलला नव्हता. तो कपडा तिच्या जुन्या लुगड्याचा होता. बाजाराच्या दिवशी तो आता सारजाबाईच्या घरासमोरून लवकर परत यायचा नाही, उगीच एसटी स्टँडवर बसायचा, बार्शीची गाडी येते ती बघायचा, उतरलेली माणसं मोजायचा. सवयीनं पहिल्या माणसाला लाभ म्हणायचा. घरी गेल्यावर भाकरी खायची आणि पडायचं. त्याला भीती कशाची वाटत होती ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण स्वतःला माहीत होतं. डोळे मिटून ऐकायला तो घाबरत नव्हता. डोळे मिटले असते तर ती तिथंच बसलेली असती, वाती वळत. कार्यक्रम संपल्यावर डोळे उघडावे लागले असते, त्याचं त्याला भय होतं.

मांडवात बँडवाले सावलीला बसले होते. सोलापूरहून आलेले. पितळी वाद्यं एका बाजूला उभी करून ठेवलेली, ढोल आडवा, त्याच्यावर एकजण डोकं ठेवून पडलेला. आणि एका खुर्चीवर बसून एक तरुण माणूस ते वाद्य मांडीवर घेऊन तारा पिळत होता. शांतलिंग जवळ गेला. गिटार तो पहिल्यांदाच बघत होता. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ती मोठी होती, आणि जुनी होती. कडेला एक भेग होती, ती काळ्या लाखेनं भरलेली. वाजवणाऱ्याच्या बोटांना हळद लागली होती. सकाळी कुणीतरी त्यालाही चोळली असणार.

"काय पाहिजे, मामा?" त्यानं विचारलं. बोलण्यात कानडी वळण होतं. त्याचं नाव महांतप्पा.

"मघाशी तुम्हीच वाजवलं?"

"मीच की. तार लावत होतो. का? कुणी रागावलं काय?"

"माझं माप चुकलं," शांतलिंग म्हणाला.

महांतप्पाला ते नीट कळलं नाही, पण तो हसला. "आमच्यामुळं काय काय चुकतंय. मागं एका लग्नात अक्षता आधी पडल्या, मंगलाष्टक नंतर झालं."

शांतलिंग खाली बसला. मागावं कसं हे त्याला समजत नव्हतं. त्यानं आयुष्यात कुणाला कधी गाणं मागितलं नव्हतं. रेडिओवर जे येतं ते येतं. तो म्हणाला, "जात्यावरचं वाजवता येतं का?"

"गिटारवर? जात्यावरचं?" महांतप्पानं शेजारच्या ढोलवाल्याकडं बघितलं. "हे बघ, मामा काय मागतात. पहिल्यांदाच कुणी मागितलं हे."

"म्हणजे ओढून. बाई दळताना ओढती तसं. सूर सरळ न्हाय यायचा."

महांतप्पाचं हसणं थांबलं. त्यानं मान तिरकी करून शांतलिंगकडं बघितलं, जणू मापाड्याच्या टोपीखाली काय आहे ते त्याला आत्ता दिसलं. "तुम्ही कुठं ऐकलं ते?"

"रेडिओवर. परदेशातलं."

"सोलापुरात मी मिलमध्ये होतो, तिथं एक किरिस्ताव जॉबर होता, मुकादम," महांतप्पा म्हणाला. "त्याची ही गिटार. तो मला शिकवायचा. म्हणायचा, महांत्या, हे जे ओढून वाजवतात ना, ते तिकडचे मजूर लोक. उन्हात कापूस वेचणारे. मी म्हटलं, मग आमच्याच गावचे की." आणि बोलता बोलता त्यानं वाजवायला सुरुवात केली. जेवणाची ताटं मांडायचा आवाज येत होता, बायका हाका मारत होत्या, पण सूर त्यातूनच खालून वर आला, तसाच, घागर उचलल्यासारखा. शांतलिंगचे डोळे आपोआप मिटले. म्हातारा ओसरीवर बसला होता. त्याचं कोणीतरी गेलं होतं. शांतलिंगला एकदम त्याला विचारावंसं वाटलं, कोण गेलं तुमचं? इतकी वर्षं ऐकून त्यानं कधी हे विचारलं नव्हतं.

"आता गाडीवाटंचं," तो डोळे न उघडता म्हणाला. "बैल घरी निघाल्यासारखं. घुंगरं."

सूर बदलला. अंगठा खालच्या खाली एका चालीत ठोके देत राहिला आणि वर दुसऱ्या तारा गुणगुणायला लागल्या. म्हातारा गेला, गाडीवान आला. त्याच्या पायाशी चारा होता. शांतलिंगनं सांगायच्या आधीच चाल मोडली, उड्या मारायला लागली, आणि वरातीतला पोरगा आला, तेल लावलेला, आणि कोणीतरी टाळी वाजवली. बँडवाल्यांपैकी कुणी तरी ढोलाच्या कडेवर बोटं आपटू लागला. तिघंजण होते. शांतलिंगला शपथेवर सांगता आलं असतं.

"मामा, झोपलात काय?" महांतप्पा म्हणाला.

शांतलिंगनं डोळे उघडले. महांतप्पा वाजवतच होता. खुर्चीवर एकच माणूस होता. हळदीची बोटं तारांवरून सरकत होती, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना त्या जाड तारेवर बोटाचं बारीक खरखर वाजत होतं, मातीच्या भिंतीला लुगडं घासावं तसं. शांतलिंगनं परत डोळे मिटले. तिघं. उघडले. एक. त्यानं असं कितीदा केलं ते महांतप्पा बघत होता, आणि त्याला मजा वाटत होती, म्हणून त्यानं मुद्दाम एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात असं फिरवायला सुरुवात केली. वरातीच्या मध्येच म्हातारा यायचा, एक सूर ओढायचा आणि जायचा. गाडीच्या घुंगरांत वरात घुसायची. तीन वेगळी कापडं लागतील असं वाटावं आणि एकाच गजभर कापडात सगळं यावं, असं काहीतरी ते होतं. शांतलिंग फक्त बघत राहिला. द्वारका कधीच डोळे मिटायची नाही, हे त्याला एकदम आठवलं. ती वाती वळायची. कापसाकडं बघायची, मग रेडिओच्या जाळीच्या कापडाकडं बघायची, मग दाराकडं, परत रेडिओकडं. तिच्यासमोर पूर्ण वेळ एकच पेटी होती, आणि पेटीतून बोटाची ती बारीक खरखर तिला ऐकू येत असणार, तिन्हींत तीच. तो मात्र डोळ्यांआड आपली तीन माणसं घेऊन बसलेला. इतकी वर्षं दोघं एकच तार ऐकत होते, पण ती बघत होती आणि तो बघत नव्हता, एवढीच सगळी भानगड होती.

"एकच माणूस तिन्ही वाजवू शकतो म्हणा," तो म्हणाला.

"मामा, मग मी इतका वेळ काय करतोय?" महांतप्पा म्हणाला, आणि ढोलवाला ढोलावरनं डोकं उचलून हसला. "अहो, वरातीत आम्हाला सगळंच करावं लागतंय. पुढं नवरदेवाचा काका भजन मागतो, मागची पोरं सिनेमाचं मागतात, मधल्या बायका वेगळंच. तीन माणसं ठेवायची म्हटली तर गाडीत बसायला जागा कुठली?"

पंगतीत शांतलिंगला हुग्गी वाढली. त्यानंच मोजलेले गहू होते. त्यानं ती चवीनं खाल्ली, पुन्हा घेतली. आचारी म्हणाला, "बरोबर झाली का?" तो म्हणाला, "दोनदा मोजलीय. होणारच." बऱ्याच दिवसांनी त्याला पोट भरल्यासारखं वाटलं. जेवताना मनात मात्र दुसरंच चाललं होतं. शेवटच्या आजारात द्वारकेला उठून बसता येत नव्हतं. त्या बाजाराच्या संध्याकाळी त्यानं रेडिओला नवी बॅटरी घातली, खाट कोनाड्याजवळ ओढली आणि तार लावली. भिंतीपलीकडून सारजाबाईनं विचारलं नाही. तेव्हा द्वारकाच हळू म्हणाली, "किती हायत?" त्याच्या ओठावर 'एक' आलं होतं. तिला आवडलं असतं. पण त्याला दिसलं की आपण एक म्हटलं तर तिला सगळं समजेल. इतकी वर्षं न हरणारा माणूस आज हरतो, म्हणजे काय, ते तिला त्याच क्षणी समजेल. म्हणून तो जोर लावून म्हणाला, "तीन." ती हसली. तोंड कोरडं पडलेलं, तरी हसली. "लाभ म्हणा, लाभ," ती म्हणाली. ते तिचं शेवटचं बोलणं नव्हतं. त्यानंतर पाणी मागितलं, लीलाला बोलवा म्हणाली. पण त्याच्यापाशी राहिलं ते हे.

दिवेलागण होत आली तेव्हा, वरात निघायच्या आधी, तो घरी निघाला. शेट म्हणाले, "तेरखेड्याची शोभेची दारू आणलीय, बघून जा." तो म्हणाला, "घरनं दिसती की." आज बाजाराचा दिवस होता, पण रस्त्यात त्यानं एसटी स्टँडकडं बघितलंसुद्धा नाही. कुलूप उघडलं, हातपाय धुतले, विभूती लावली. कोनाड्यासमोर उभा राहिला आणि लुगड्याचा कपडा उचलला. त्याची घडी घातली आणि ती कुठं ठेवावी हे न समजून खांद्यावरच टाकली. बॅटरी उतरली असेल असं त्याला वाटत होतं, आणि उतरली असावी असंही थोडं वाटत होतं. बटण फिरवलं. काही झालं नाही. मग हळूहळू दिव्याचा पिवळा उजेड आला आणि खरखर आली. त्याचा हात काट्याकडं गेला. पण काटा हलवायची गरज नव्हती. गरम भाताचा घासवाला बोलत होता, तसाच, वर्षभरात त्याचा घास काही गिळून झाला नव्हता. शांतलिंग भिंतीला टेकून बसला. बाहेर पहिला बाण फुटला, पत्रे हलके वाजले. आणि तार सुरू झाली.

डोळे मिटायला आले. पापण्यांना इतकी वर्षांची सवय होती. मिटले असते तर वाती वळायचा आवाज, जो खरं म्हणजे आवाज नव्हताच, तो आला असता. त्यानं डोळे उघडे ठेवले. समोर तिची जागा होती. तिथं तिचा बसायचा पाट भिंतीला उभा केलेला होता, सारजाबाईनंच केव्हातरी झाडताना ठेवलेला. कापसाची टोपली होती, तिच्यात थोडा कापूस उरला होता, त्यावर धूळ होती. जागा रिकामी होती. त्यानं ती बघितली. त्याला वाटलं होतं की काहीतरी अंगावर येईल. काही आलं नाही. म्हातारा सूर ओढत होता, जागा रिकामी होती, आणि रेडिओच्या दिव्याचा उजेड तिच्यापर्यंत थोडा पोचत होता. मग सूर गाडीवाटेला लागला आणि शांतलिंग जाळीच्या कापडाकडं बघत राहिला, तिच्यासारखा. मग टोपलीकडं. परत रेडिओकडं. बोटाची बारीक खरखर आता त्याला सारखी ऐकू येत होती, तिन्हींतून, एकच. वरात आली तेव्हा बाहेरची खरी वरातही कुठंतरी कोपऱ्यावर आली होती आणि दोन्ही थोडा वेळ एकमेकांत मिसळल्या. त्याचा पाय हलत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पाय हलत होता, आणि त्याला दोन्हींचं काही वाटलं नाही.

भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज थांबला होता. मग सारजाबाईनं खाकरून विचारलं, "भावजी, उद्या जावई न्यायला येणार न्हवं का त्याला?"

"येऊ द्या," शांतलिंग म्हणाला. "नुसतं जेवून जातील."

तार चालू होती. मग, इतक्या दिवसांनी, जरा चाचरत, ती म्हणाली, "कोण आलं वं?"

"ते आले," शांतलिंग म्हणाला.

"किती जण हायत?"

त्याच्या तोंडात सवयीनं लाभ आलं. पोरवयापासून तेच आलं होतं, रासेसमोर, एसटी स्टँडवर, सगळीकडं. त्यानं ते गिळलं. समोरच्या पाटाकडं, टोपलीकडं, पेटीकडं त्यानं एकदा नीट बघितलं.

"एक," तो म्हणाला. "एकच हायत."

भिंतीपलीकडं सारजाबाईनं आधण ठेवलं.